रद्द पावती

शनिवारची संध्याकाळ होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनचे सुटे भाग करून देणाऱ्या एका जॉबवाल्याकडं बुश करायला टाकलेले, ते आणायला गेलो होतो. ते काय झाले नव्हते (कधी वेळेत होतात?), म्हणून समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि गाडीला टेकून उभा राहिलो. शेजारी तीन पोरं होती, हाताला कूलंटचा तो आंबूस वास, खिशात व्हर्नियर, कुठल्यातरी सीएनसी मशीनवर असणार. एक जण डिलिव्हरीवाला, मोठी चौकोनी बॅग पाठीवरच ठेवून चहा पीत होता. तेवढ्यात लुनावरनं एक काका आले. पंचाहत्तरी पार केलेले असतील, पांढरा शर्ट, पायजमा, हँडलला कापडी पिशवी. पिशवीतनं पावतीपुस्तक काढलं आणि पोरांजवळ जाऊन बोलायला लागले. युनियनची वर्गणी. वर्षाला एकशेवीस रुपये, म्हणजे महिन्याला एक चहा. हे त्यांचं ठरलेलं वाक्य असणार, कारण म्हणताना त्यांनी टपरीकडं हात केला आणि पोरं हसली. एक पोरगं म्हणालं, घाला काका माझं नाव. काकांनी पावतीपुस्तक लुनाच्या सीटवर ठेवलं, कार्बन सरळ केला, तारीख घातली, नाव घातलं. मग दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं आणि हळू म्हणाला, मालकाला कळलं तर रं? पहिल्यानं मोबाईल काढला, उगंच बघितल्यासारखं केलं, परत खिशात घातला. "काका, ऱ्हाऊ दे आता. पुढच्या वेळंला बघू. पण आमचा पाठिंबा हाय बरं का तुमाला." आणि काकांच्या चहाचे पैसे त्यानंच दिले. डिलिव्हरीवाला म्हणाला, काका आमचा व्हॉट्सॲप ग्रुप हाय की, आमाला कशाला युनियन.

काका कुणावर चिडले वगैरे नाहीत. लिहिलेल्या पावतीवर त्यांनी या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात तिरक्या दोन रेघा मारल्या आणि मधे लिहिलं, रद्द. कार्बन होताच, त्यामुळं खालच्या स्थळप्रतीवर पण रद्द उमटलं असणार. पावती फाडली नाही, तशीच पुस्तकात ठेवली. मग माझ्याकडं बघितलं. "साहेब, तुमी?"

"मी स्टाफला हाय काका."

एवढंच बोललो. स्टाफला म्हणजे कामगारांत नाही, ऑफिसच्या बाजूचा. खोटं काहीच नाही त्यात. शिरोलीला एका फौंड्रीत सत्तावीस वर्षं झाली मला, ट्रेनी म्हणून लागलो, आता क्वालिटीला सीनियर. पण घरी येताना, सीपीआरच्या सिग्नलला उभा असताना, जेवताना, ते "स्टाफला हाय" माझं मलाच ऐकू येत होतं. कसं सांगू, जातीचा दाखला दाखवावा तसं म्हणालो होतो मी ते.

आमच्या घरी दाराच्या मागं एक तार होती. म्हणजे सगळ्यांच्याच घरी असायची, खाली लाकडी चकती आणि वर आकडा. लाईटबिल, आमची शाळेची फी, दूध डेअरी, पतसंस्थेचा हप्ता, सगळ्या पावत्या त्या तारेत ओवलेल्या. दादा (आम्ही वडलांना दादा म्हणायचो) उद्यमनगरातच एका इंजिनच्या कारखान्यात टर्नर होते. सात तारखेला पगार. त्या दिवशी गेटच्या बाहेर एक टेबल लागायचं, युनियनचा माणूस बसायचा, आणि पगाराचं पाकीट हातात आल्या आल्या पहिली वर्गणी. कायद्यानं तेव्हा महिन्याला कमीत कमी चार आणे वर्गणी घ्यावी लागायची, २००१ साली ती वर्षाला बारा रुपये झाली. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी पण गरिबातला गरीब माणूस धरूनच आकडा घातला होता, पैशापेक्षा देणं महत्त्वाचं. दादांच्या युनियनची वर्गणी अर्थात जास्त होती. ती गुलाबी पावती घरी आणून दादा स्वतः तारेत ओवायचे, बाकीच्या आईनं ओवल्या तरी चालायच्या. आणि पावती घेताना म्हणे कार्बनची काळी बाजू खाली आहे का ते बघून घ्यायचे. एकदा उलटा लागला होता आणि स्थळप्रत कोरी राहिली, मग हिशोबाला बोंबाबोंब. ही गोष्ट दादांनी आम्हाला पन्नास वेळा तरी सांगितली असेल, जणू काय पानिपतच.

पण म्हणून युनियन म्हणजे काय देवघर नव्हतं. हे पण लिहिलं पाहिजे, नाहीतर जुनं ते सोनं असलं काहीतरी होईल. दादांच्या कारखान्यात एक जण कायम पिऊन यायचा, मशीनवर झोपायचा, त्याला दोनदा काढला आणि दोनदा युनियननं परत घ्यायला लावला, आणि दादाच घरी येऊन शिव्या घालायचे की याच्या वाटणीचं काम मी करतो. पुढाऱ्यानं नवी स्कूटर घेतली तेव्हा गल्लीत महिनाभर चर्चा, पैसे कुठनं आले. आणि एकदा संप झाला बेचाळीस दिवसांचा. मी सातवीत होतो. आईनं पाटल्या गहाण ठेवल्या, त्या सुटल्या तेव्हा मी दहावीत. करार झाला, तीन वर्षांचा, पगार वाढला, दादांनी पेढे आणले, आईनं पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. तो पेढा मला आज पण दिसतो. पुढं दहा-बारा वर्षांनी तो कारखाना हळूहळू बसला, का बसला याची गल्लीत दोन उत्तरं होती, युनियनमुळं आणि मालकाच्या पोरांमुळं, आणि कोण कुठलं उत्तर देतोय त्यावरनं तो कुणाचा माणूस ते कळायचं.

आणि चुलते होते मुंबईला. गिरणीत. आमच्या आजरा-चंदगड-भुदरगडकडं घराआड एक माणूस परळ-लालबागला असायचाच, त्यातले एक. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा म्हणे महिन्याभरात मिटेल म्हणून शेंगा आणायला गावाकडं आले. अडीच लाख लोकांचा संप, डॉक्टर सामंतांच्या मागं सगळे, आणि तो संप रीतसर कधी मागं घेतलाच गेला नाही. म्हणजे कागदावर माझे चुलते वारले तेव्हा पण संपावरच होते. ट्रंकेत त्यांनी गिरणीचं तिकीट (कामगाराची ओळख) जपून ठेवलेलं, त्याच्यावर पुढं घरकुलाचा फॉर्म भरला, सोडतीच्या याद्या बघितल्या, मोर्चाला गेले, घर काय लागलं नाही. आमच्याकडं युनियन म्हणलं की बायकांच्या डोळ्यासमोर हे येतं. मी नोकरीला लागलो त्या दिवशी आई एवढंच म्हणाली, कुणाच्यात मिसळू नको.

मिसळलो नाही.

बरं, हे सगळं आमच्याकडचंच असेल असं मला वाटायचं. आमची लोकं, आमचे मालक, आमची भीती. पण ते शनिवारचं डोक्यातनं जाईना म्हणून रात्री मोबाईलवर वाचत बसलो, आणि बघतो तर जगभर हीच रड. अमेरिकेत १९८३ मधे शंभर नोकरदारातले वीस युनियनमधे होते, २०२४ ला दहा पण नाहीत, ९.९. त्यात सरकारी लोकं बाजूला काढली आणि फक्त खासगी कंपन्या बघितल्या तर सहाच्या आत. ब्रिटनमधे १९७९ साली एक कोटी बत्तीस लाख मेंबर, आता साठ-पासष्ट लाख. जपानमधे लढाईनंतर १९४९ ला निम्म्याहून जास्त कामगार युनियनमधे, आता सोळा टक्के. आणि तारखा बघा, मला हे आधी कधी जाणवलं नव्हतं. १९८१ ला अमेरिकेत रेगननं संपावर गेलेल्या अकरा हजारांवर एअर ट्रॅफिक कंट्रोलरना एका फटक्यात काढलं. १९८२ ला आमच्या गिरण्या. १९८४ ला ब्रिटनमधले खाणकामगार, वर्षभर लढले आणि १९८५ च्या मार्चमधे कसलाही करार न होता बँड वाजवत, झेंडे घेऊन खाणीत परत गेले. तीन देश, तीन धंदे, एकमेकांशी काही संबंध नाही, आणि चार वर्षांत तिन्हीकडं तोच निकाल. माझ्या चुलत्यांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं का अजून वाईट, कळत नाही.

कारणं सगळे देतात ती खरीच आहेत. मोठे कारखाने गेले, दुकानं-ऑफिसं-गोडाऊनं आली, एका छताखाली पाच हजार लोक होते तिथं पाचपाच लोकांचे हजार गाळे झाले, कायदे बदलले, मालक हुशार झाले. पण एक गोष्ट वाचून मी मोबाईल खाली ठेवला. अमेरिकेत गॅलप नावाचे सर्व्हेवाले दरवर्षी विचारतात, युनियन तुम्हाला पटतात का. २०२४ ला सत्तर टक्के लोक म्हणाले हो. सत्तर! आणि आत किती, तर दहा. मला ते टपरीवरचं पोरगंच दिसलं, काकांच्या चहाचे पैसे देणारं. आमचा पाठिंबा हाय.

भाचा माझा स्वीडनला असतो, गाड्यांच्या कंपनीत, इंजिनिअर. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याला सहज विचारलं, तुमच्याकडं आहे का रे युनियन? तर म्हणतो मामा, मीच मेंबर आहे. मी म्हणलं तू? इंजिनिअर माणूस? तर हसायला लागला. त्याच्याकडं इंजिनिअरांची वेगळी, ऑफिसवाल्यांची वेगळी, आणि त्याचा मॅनेजर पण युनियनमधे, ते ऐकून मी पण हसलो. उलट आता तिथं हातानं काम करणाऱ्यांपेक्षा ऑफिसवाले जास्त मेंबर आहेत. सगळे धरून शंभरात सत्तरच्या आसपास. सरकारनं ठरवलेलं किमान वेतन नावाची गोष्टच नाही, युनियन आणि मालक बसून ठरवतात. मी विचारलं, हे कसं काय टिकलं? तो म्हणाला, मामा खरं सांगू का, मी लढाईला वगैरे म्हणून नाही झालो, नोकरी गेली तर भत्ता मिळतो त्याचा फंड युनियनच्या कडेनं चालतो, सगळेच घेतात, मी पण घेतला, मग युनियन पण घेतली. म्हणजे हेल्मेट घेतल्यासारखं. नंतर मी शोधलं तर खरंच तसं आहे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड, बेल्जियम, जिथं बेकारभत्ता युनियनच्या हातनं मिळतो तिथं युनियन टिकली. आणि गंमत म्हणजे २००७ ला स्वीडनच्या सरकारनं त्या फंडाची वर्गणी वाढवली तर दोन वर्षांत मेंबर सत्त्याहत्तर टक्क्यांवरनं एकाहत्तरवर. म्हणजे गोऱ्यांचं पण आपल्यासारखंच आहे, एकशेवीसचे तीनशे केले की पुढच्या वेळंला बघू. हे वाचून मला उगंच बरं वाटलं.

फ्रान्सचं तर उलटंच. मेंबर दहा टक्के, पण दहातल्या नऊ लोकांपेक्षा जास्त लोकांना युनियननं केलेला करार लागू, कारण कायदाच तसा आहे, धंद्यात एकदा करार झाला की सगळ्यांना. म्हणजे वर्गणी न देता जेवायला सगळे. आमच्या तालमीच्या, म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या, महाप्रसादासारखं.

तालीम म्हणलं की हात थांबतात माझे, कारण इथंच खरी गोची आहे. लोकं म्हणतात आता माणूस एकटा झाला, मोबाईलमधे गेला, संघटना करायची वृत्तीच राहिली नाही. कोल्हापुरात राहणाऱ्यानं तरी असं म्हणू नये. आमच्या गल्लीतली जी पोरं कामावर तोंडातनं शब्द काढत नाहीत ती गणपतीच्या वर्गणीला तीन-तीन हजार काढतात, पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात, न देणाऱ्याला गोड बोलून द्यायला लावतात, हिशोबाची मीटिंग रात्री दीडपर्यंत चालते. आणि ऊस? माझ्याबरोबर काम करणारे निम्मे लोक हातकणंगले, शिरोळ, करवीरचे, एकरभर-दीड एकर ऊस प्रत्येकाचा. जयसिंगपूरला ऊस परिषद असली की सुट्टी टाकून जातात. एफआरपीचा (सरकारनं ठरवलेल्या ऊसदराचा) आकडा, साखरेचा उतारा, वाहतुकीचा खर्च किती कापला, तोंडपाठ. गाड्या अडवतात, टायरची हवा सोडतात, केसेस अंगावर घेतात. तोच माणूस सोमवारी सकाळी फौंड्रीत पंचिंग करून आत गेला की त्याला स्वतःचा बेसिक किती ते माहीत नसतं. मी एकाला विचारलं पण होतं, असं का रे? मोल्डिंगला आहे, बोलायला फटकळ. म्हणाला, "सायब, ऊस माझा हाय. हितलं काय माझं हाय?"

याच्यावर मी खूप दिवस विचार केला आणि मला वाटतं त्यानं एका ओळीत जे सांगितलं ते मोठमोठ्या रिपोर्टात नाही. दादा "आमचा कारखाना" म्हणायचे. मालकाला शिव्या घालताना पण आमचाच कारखाना. युनियन झाली ती त्या आमच्यातनं, भांडायला पण आधी घर आपलं वाटावं लागतं. आता आमच्याकडं बघा. शंभर माणूस आत आहे असं धरा, त्यातले पर्मनंट किती, बाकी सगळी ठेकेदाराची. देशातल्या नोंदणी झालेल्या कारखान्यांचेच सरकारी आकडे शंभरात चाळीस कंत्राटी सांगतात, आणि आमच्या धंद्यात डोळ्यानं दिसतं ते त्याच्यापेक्षा जास्त आहे. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, सगळी पोरं ओडिशा-बिहारची, दिवसभर ग्राइंडर हातात, तोंडावर गमछा, संध्याकाळी पापण्या पण काळ्या. ठेकेदार तीन, तिघांच्या हजेऱ्या वेगळ्या, तिघांचे पगार वेगळे, एकाच ट्रॉलीवर काम करणारे दोघं एकमेकांचा मालक ओळखत नाहीत. सात-आठ महिन्यांनी कामातनं ब्रेक. कुणाकडं मागायचं हेच माहीत नसलं तर मागणीपत्र कुणाच्या नावानं लिहायचं?

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. टाळत होतो.

साधारण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडं पोरांनी युनियन करायचं ठरवलं होतं. कारण साधंच, एका पोराच्या बुटात लॅडलमधनं (रस ओतायच्या भांड्यातनं) उडालेलं वितळलेलं लोखंड गेलं, बूट होता तो फाटका, आणि रजिस्टरला मात्र नवीन बूट दिल्याची सही. पाय बरा व्हायला तीन महिने लागले आणि ठेकेदारानं एका महिन्याचे पैसे दिले. तर पोरं सह्या गोळा करत होती, जेवणाच्या सुट्टीत, डब्याच्या झाकणाखाली कागद सरकवून. मला माहीत होतं. त्यातला एक जण तर माझ्या हाताखालीच इन्स्पेक्शनला होता, त्यानं कागद मला दाखवला पण होता, सही मागायला नाही, नुसतं दाखवायला, अक्षर बरोबर आहे का बघा म्हणून. मी "मागणीपत्र" मधला ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला. आठवड्यानं मला वर बोलावलं. नावं विचारली नाहीत कुणी, नावं त्यांच्याकडं होतीच. फक्त शिफ्टचं शेड्यूल हातात दिलं. त्या आठ पोरांना तिन्ही शिफ्टमधे विखरून टाकलेलं, दोघं एकत्र जेवायला पण येणार नाहीत असं. खाली दोन सह्या लागतात, डिपार्टमेंटच्या आणि क्वालिटीच्या. मी सही केली. कुणी धमकावलं नाही, आवाज पण चढवला नाही, चहा आणला होता माझ्यासाठी कपबशीत. वर्षभरात आठातले सहा सोडून गेले. ज्यानं मला कागद दाखवला होता तो आता पुण्याला असतो, गणपतीला व्हॉट्सॲपवर शुभेच्छा पाठवतो. मी पण पाठवतो.

म्हणून ते "स्टाफला हाय" टोचलं. भाच्याचा मॅनेजर युनियनमधे आहे म्हणल्यावर मी हसलो होतो ना, ते हसू नंतर घशात अडकलं.

युनियन संपली असं पण नाही म्हणता येत. मेव्हणी माझी अंगणवाडी सेविका आहे, करवीर तालुक्यात. २०२३ च्या डिसेंबरात त्यांचा राज्यभर संप सुरू झाला तो जानेवारी संपत आला तोवर, पन्नासच्या वर दिवस. त्यांना पगार नाही म्हणायचं, मानधन म्हणायचं, शब्दातच अर्धे पैसे कापलेले. ती घरात तशी गरीब गाय, माझ्यासमोर मोठ्यानं बोलत नाही. एकदा कलेक्टर ऑफिससमोर तिला डबा द्यायला गेलो तर ही माईकवर! घोषणा हिच्या आणि मागनं तीनचारशे बायका. डबा हातात धरून मी फुटपाथवर उभा. ब्रिटनमधे पण म्हणे आता युनियनमधे पुरुषांपेक्षा बायकाच जास्त आहेत, शिक्षिका, नर्स. खाणीतला काळ्या तोंडाचा कामगार ही फोटोतली गोष्ट झाली. मेव्हणीला मी नंतर विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, "भाऊजी, आमच्या जागंला यायला कोण बसलंय? गावातल्या पोरांची नावं त्या रजिस्टरात मलाच ठावं." म्हणजे तिला तिची अंगणवाडी आपली वाटते, उसासारखी. संपाचं फळ काय मिळालं विचारलं तर मात्र ती विषय बदलते.

आणि कायद्याचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले, १९२६ चा तो जुना ट्रेड युनियनचा कायदा त्यातच विरघळला. संपाला चौदा दिवस आधी नोटीस, कुठलाही धंदा असो. निम्म्या लोकांनी ठरवून एका दिवशी रजा टाकली तरी तो संपच. ज्या दिवशी हे लागू झालं त्या दिवशी आमच्या कँटीनमधे त्यावर एक अक्षर बोललं गेलं नाही, सुक्क्या मटणात चरबी जास्त होती यावर मात्र बोललो. २०१५ साली कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांच्या अंत्ययात्रेला मात्र याच लोकांतले कितीतरी होते, मी पण होतो. हयातीत ज्यांनी त्यांना एक रुपया वर्गणी दिली नाही ते ढसाढसा रडत होते. खोटं नव्हतं ते रडणं, मी स्वतः रडलोय.

परवा बुश आणायला परत उद्यमनगरात गेलो. झाले होते. टपरीवाल्याला विचारलं, ते लुनावाले काका कुठं बसतात? त्यानं लक्ष्मीपुरीतला एक जिना सांगितला. खाली बियाण्यांचं दुकान, वर एवढीशी खोली, दोन खुर्च्या, शाहू महाराजांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, कपाटावर बांधून ठेवलेले लाल कपड्यांचे गठ्ठे. काकांनी ओळखलं नाही. ओळखायचं कारण पण नव्हतं. मी खिशातनं पाचशेची नोट काढली आणि म्हणलं, पावती करायची होती. त्यांना आनंद झाला, पिशवीतनं पुस्तक काढलं, तेच. पानं उलटताना ती रद्द पावती दिसली, तिरक्या दोन रेघा. मी म्हणलं, ही फाडून टाकत नाही काय? म्हणाले, "न्हाई वो, ऑडिटला लागती. नंबर तुटता कामा नये." म्हणजे ते पोरगं त्या पुस्तकात आहे अजून, आलं नाही तरी.

"कशावर घालू? वर्गणी का देणगी?" त्यांनी पेनचं टोपण काढलं. मी म्हणलं, फरक काय? "वर्गणी घातली तर रजिस्टरला तुमचं नाव चढणार, कारखान्याचं नाव चढणार, मेंबर म्हणून. देणगीला काय नसतंय."

खाली दुकानात कुणीतरी मक्याच्या बियाण्याचा भाव करत होतं, ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. माझी पोरगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते अजून सहा वर्षं, रिटायरमेंटला दहा. हे सगळं मी त्या दोन-तीन सेकंदात मोजलं असं नाही, ते मोजलेलंच असतं.

"देणगी घाला."

"नाव?"

मी कपाटावरच्या गठ्ठ्यांकडं बघत राहिलो. काकांना सवय असावी. "एक हितचिंतक घालू काय? लय जण तसंच घालाय सांगतात." त्यांनी पुस्तक माझ्याकडं थोडं फिरवून दाखवलं, मागच्या चार-पाच स्थळप्रतींवर तेच होतं.

घाला म्हणलं. त्यांनी कार्बन ठेवला, काळी बाजू खाली आहे का बघून घेतलं, आणि लिहायला लागले. अक्षर फार सुरेख आहे त्यांचं.